खरे नाव, खरा पत्ता, खरी साक्ष
सदर : व्यापार आणि विवेक

वैशाख संपत आला की आमच्या शिरोळ-मिरज भागात दोन कामांची लगबग एकाच वेळी सुरू होते. एकीकडे मंदिरांचे विश्वस्त श्रीफळ घेऊन चातुर्मासासाठी मुनिसंघाला विनंती करायला निघतात, तर दुसरीकडे घरोघरी गळक्या छपराची आठवण होते. एखादा वळीव कोसळून जातो, स्वयंपाकघरात पातेले ठेवावे लागते आणि पत्र्याचे काम करणारा चांगला माणूस कोण, याची विचारपूस सुरू होते. पूर्वी ही विचारपूस मंदिराच्या ओवरीत, हार्डवेअरच्या दुकानात किंवा आठवडी बाजारात होत असे. आता ती हातातल्या मोबाइलवर होते. या महिन्याच्या सदरात या बदलाविषयी लिहायचे आहे. त्याने आमच्याच घरी एक प्रश्न उभा केला, आणि तो केवळ धंद्याचा नव्हता.

माझे थोरले बंधू गेली तीस वर्षे जयसिंगपुरात छपरांची कामे करतात. गच्चीवरचे शेड, गोठ्याचे पत्रे, गोदामाच्या लोखंडी कैच्या, जुन्या घराची कौले उतरवून रंगीत पत्रे बसवणे, हे सारे त्यांचे क्षेत्र. त्यांनी कधी जाहिरात दिली नाही. एका घराचे काम पाहून शेजारचा येई आणि त्याचे पाहून त्याचा व्याही येई. पुतण्याने कारभार हाती घेतला तेव्हा ही साखळी कुठेतरी तुटू लागल्याचे त्याला जाणवले. नव्या वसाहतींत शेजाऱ्याशी ओळख नसते. नोकरदार जोडपी गूगलवर ‘पत्र्याचे शेड’ किंवा ‘रूफिंग काँट्रॅक्टर’ असे शब्द घालतात आणि नकाशाखाली जी पहिली दोन-तीन नावे दिसतात, त्यांतल्या एकाला फोन करतात. जो तिथे दिसत नाही, तो त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून बसलो होतो, तोच पुतण्याचा फोन आला. “काका, नकाशावरून आपलं दुकान नाहीसं झालंय. पंधरा दिवसांत एकही नवा फोन नाही.” छपराच्या धंद्यात मे महिना म्हणजे शेतकऱ्याची सुगी. त्या पंधरा दिवसांत काम नसल्यामुळे दोन जुने कारागीर दुसरीकडे रोजगार शोधायला निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी मी जयसिंगपूरला गेलो. बंधू काहीच बोलत नव्हते. पुतण्याने मान खाली घालून सर्व हकीकत सांगितली.

हिवाळ्यात त्याला एका माणसाचा फोन आला होता. ‘सांगली, कोल्हापूर आणि इचलकरंजी, तिन्ही ठिकाणी तुम्हाला पहिल्या क्रमांकावर आणून देतो,’ असे त्याने सांगितले आणि पैसे घेतले. मग त्याने तीन गोष्टी केल्या. दुकानाच्या मूळ नावापुढे ‘सर्वोत्तम रूफिंग शेड काँट्रॅक्टर सांगली कोल्हापूर’ असे शेपूट जोडले. सांगलीत आणि कोल्हापुरात दोन नव्या शाखा दाखवल्या. त्यांतली एक पुतण्याच्या मित्राच्या मोबाइल दुकानाच्या पत्त्यावर होती, तर दुसरी एका रिकाम्या सदनिकेच्या. आणि एका आठवड्यात चाळीस पंचतारांकित अभिप्राय आले. लिहिणाऱ्यांपैकी एकालाही पुतण्या ओळखत नव्हता. एकाने तर ‘जेवण रुचकर होते’ असे लिहिले होते! काही आठवडे फोन वाढले. मग नियमभंगामुळे तिन्ही नोंदी निलंबित झाल्या, आणि तो माणूस फोन उचलेनासा झाला.

“सगळेच करतात, काका,” पुतण्या म्हणाला. हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी उच्चारलेले आहे. म्हणून त्याला रागे भरण्याऐवजी मी कपाटातून तत्त्वार्थसूत्र काढले.

सातव्या अध्यायात गृहस्थाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताचे पाच अतिचार आपण स्वाध्यायात अनेकदा ऐकतो. त्यांतला तिसरा ‘कूटलेखक्रिया’. खोटी कागदपत्रे करणे, एवढाच त्याचा अर्थ आपण सहसा घेतो. परंतु आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी टीकेत केलेला खुलासा पाहिला तर आश्चर्य वाटते. दुसऱ्याने जे म्हटलेले नाही किंवा केलेले नाही, ते त्याने म्हटले, त्याने केले, असे फसवणुकीसाठी लिहिणे म्हणजे कूटलेखक्रिया, असा त्याचा आशय आहे. विकत घेतलेल्या अभिप्रायाचे याहून नेमके वर्णन कोणते असेल? ज्याने आपले छप्पर पाहिलेही नाही, त्याच्या तोंडी ‘यांनी माझे छप्पर उत्तम केले’ हे शब्द घालायचे. साधन बदलले, दोष तोच राहिला.

आज कायदा आणि बाजारही याच दिशेने येत आहेत. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत, याविषयी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले. गूगलच्या नियमांनुसार अभिप्राय विकत घेता येत नाहीत आणि त्यांच्या बदल्यात सवलत किंवा भेटवस्तूही देता येत नाही. फक्त खूश ग्राहकांना निवडून अभिप्राय मागणे आणि नाराजांना वगळणे, हेही नियमात बसत नाही. व्रताचा हेतू आत्मशुद्धीचा आहे आणि नियमाचा हेतू व्यवहाराचा, हे खरे. दोन्हींची गल्लत करू नये. तरीही या ठिकाणी दोघांची वाट एकच आहे.

मग आम्ही तिघे बसलो आणि काम नव्याने उभे करायला घेतले. वाचकांपैकी अनेक जण छपरे, नळजोडणी, विद्युतकाम, फर्निचर, वॉटरप्रूफिंग अशा घरोघरी जाऊन करायच्या व्यवसायांत आहेत. त्यांना उपयोगी पडेल म्हणून तपशील देतो.

आधी समजून घेतले ते नकाशावरच्या क्रमाचे गणित. जवळपासच्या व्यवसायांचा क्रम लावताना तीन गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात, असे गूगल स्वतः सांगते : शोधलेल्या शब्दांशी व्यवसायाची सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. हा क्रम पैसे देऊन वर सरकवता येत नाही. जाहिरात घेता येते, पण ती जाहिरात म्हणूनच दिसते. अंतर आपल्या हाती नसते. जयसिंगपूरचे दुकान सांगलीच्या गावभागातील माणसाला जवळचे वाटणार नाही, आणि खोटी शाखा दाखवून ते जवळ आणायचे नाही. उरल्या दोन गोष्टी. त्या मात्र मेहनतीने सुधारता येतात.

पहिले काम नावाचे. दुकानाच्या पाटीवर, पावतीवर आणि जीएसटी नोंदणीत जे नाव आहे, तेवढेच नोंदीत ठेवले. शेपूट कापले. व्यवसायाचा प्रकार सांगण्यासाठी नाव वापरायचे नसते, त्यासाठी वर्गवारी असते. मुख्य वर्ग ‘रूफिंग काँट्रॅक्टर’ ठेवला आणि प्रत्यक्ष करतो त्याच कामांचे दोन-तीन उपवर्ग जोडले. आपण वॉटरप्रूफिंग करत नसू, तर तो वर्ग मोह झाला तरी घालायचा नाही.

दुसरे काम पत्त्याचे. दोन्ही बनावट शाखा काढून टाकल्या. जयसिंगपुरात खरोखर दुकान आहे, पाटी आहे, ग्राहक येतात. म्हणून तो पत्ता दाखवला. ज्यांचे दुकान नाही आणि जे घरूनच काम चालवतात, त्यांनी पत्ता झाकून फक्त सेवाक्षेत्र द्यायचे असते. मग पुतण्याने पाटी, दुकान, हत्यारे आणि रस्ता यांचे चित्रण करून नोंदीची पडताळणी केली, चूक कबूल करून फेरविचाराचा अर्ज केला, आणि काही आठवड्यांनी नोंद परत मिळाली. तोपर्यंत मृग नक्षत्र लागले होते. हंगाम गेला तो गेलाच.

तिसरे काम सेवाक्षेत्राचे. पुतण्याने पूर्वी ‘संपूर्ण महाराष्ट्र’ असे लिहून ठेवले होते. नोंदीत वीसपर्यंत ठिकाणे देता येतात, आणि मुक्कामापासून साधारण दोन तासांच्या प्रवासापलीकडे क्षेत्र नेऊ नये, अशी सूचना आहे. बंधू इतका वेळ गप्प होते. ते इथे बोलले. “महाराष्ट्राला छप्पर घालणार आहेस? गळालं तर परत जायला जमेल तेवढंच लिही.” मला चटकन दिग्व्रत आणि देशव्रत आठवले. आपल्या हालचालींना सीमा घालून घ्यायची, म्हणजे त्या सीमेपलीकडच्या आरंभातून आणि लोभातून आपोआप निवृत्ती होते. शिरोळ, हातकणंगले, इचलकरंजी, मिरज, सांगली आणि कोल्हापूर शहर एवढेच क्षेत्र ठेवले. यात व्यवहाराचेही शहाणपण आहे. शाहूवाडी-गगनबावड्याच्या मुसळधार पावसातले छप्पर वेगळे, आणि आमच्या पूर्व भागातले वेगळे. तिकडे उताराची आणि गळतीची चिंता, तर इकडे एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसवत नाही, ही तक्रार. ज्या हवामानाची तीस वर्षांची ओळख आहे, तिथलेच काम उत्तम होणार.

चौथे काम माहितीचे, आणि सुसंगती वाढते ती इथेच. पुतण्याच्या संकेतस्थळावर ‘दर्जेदार सेवा, वाजवी दर’ एवढाच मजकूर होता. त्यातून ना माणसाला काही कळत, ना यंत्राला. आम्ही बंधूंना समोर बसवले आणि ग्राहक रोज जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे त्यांच्याच तोंडून लिहून घेतली. गच्चीवरच्या शेडला उतार किती ठेवावा? पत्र्याखाली उष्णतारोधक थर घातल्याने काय फरक पडतो? सिमेंटचा जुना पत्रा काढताना कोणती काळजी घ्यावी? प्रत्येक कामासाठी स्वतंत्र पान केले, साध्या मराठीत. लोक आता मोबाइलशी मराठीत बोलून शोध घेतात. आपली माहिती केवळ इंग्रजीत का असावी?

यात एक पान पत्र्याच्या जाडीवर आहे. जाडी दोन प्रकारे सांगितली जाते : मूळ पोलादाची, किंवा जस्ताचा लेप आणि रंग यांसह एकूण. एकूण जाडी मूळ जाडी म्हणून सांगितली की ग्राहकाला पातळ पत्रा जाड म्हणून मिळतो. बंधू मायक्रोमीटर घेऊन ग्राहकासमोर जाडी मोजतात आणि लेपाची जाडी किती हे वेगळे सांगतात. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ येतो, मापात कमी-अधिक करणे, तो टाळण्याची ही त्यांची जुनी रीत. पुतण्याने तिचे छायाचित्र पानावर घातले. त्या पानावरून येणारे फोन इतर कोणत्याही पानापेक्षा अधिक आहेत.

पाचवे काम सारखेपणाचे. जस्टडायल, इंडियामार्ट, फेसबुक, जुनी भेटपत्रिका, सगळीकडे दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी वेगवेगळ्या रूपांत होते. एका ठिकाणी तर बंधूंचा दहा वर्षांपूर्वी बंद झालेला क्रमांक होता. एक संपूर्ण रविवार घालवून ते सर्व एकसारखे केले. काम कंटाळवाणे आहे, पण चुकीच्या क्रमांकावर फोन करणारा ग्राहक दुसऱ्यांदा शोधत बसत नाही.

सहावे काम छायाचित्रांचे. इंटरनेटवरून उचललेली परदेशी बंगल्यांची चित्रे काढली आणि आपल्याच कामांची घातली : आधीचे छप्पर, कैची उभी करताना, काम झाल्यावर. उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराच्या कमरेला सुरक्षापट्टा असेल, तेच चित्र घालायचे, असे ठरले. मग लक्षात आले की तशी चित्रे फारच थोडी आहेत! जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन खाली कोसळल्याने माणसे जिवाला मुकतात, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. छायाचित्रांच्या निमित्ताने आठ सुरक्षापट्टे विकत आले. किड्या-मुंग्यांसाठी यत्नाचार पाळणाऱ्या घरात माणसाच्या जिवाबद्दल एवढा प्रमाद कसा राहिला, याची लाज बंधूंना आणि मलाही वाटली.

शेवटचे आणि सर्वांत अवघड काम अभिप्रायांचे. काम पूर्ण झाल्यावर आठ दिवसांनी पुतण्या प्रत्येक ग्राहकाला एक संदेश पाठवतो आणि अभिप्रायाचा दुवा देतो. मजकूर सुचवत नाही, ताऱ्यांची विनंती करत नाही, कोणालाही वगळत नाही. पहिल्या चार महिन्यांत अकरा अभिप्राय आले. बनावट चाळिसांच्या तुलनेत अकरा! पण कुणी गल्लीचे नाव लिहिले, कुणी कारागिराचे, कुणी पावसात न गळलेल्या पन्हळीचे. वाचणाऱ्याला त्यांत माणूस दिसतो.

त्या अकरांपैकी एक मिरजेचा होता, दोन ताऱ्यांचा. ‘पहिल्याच पावसात कोन्यातून पाणी आले.’ पुतण्याने तिथल्या तिथे लांबलचक प्रत्युत्तर लिहायला घेतले : ग्राहकाने नंतर डिश बसवणारा वर चढवला होता, दोष त्याचा असावा, वगैरे. बंधूंनी त्याला थांबवले. “आधी जाऊन बघ, मग लिही.” जाऊन पाहिले तर आपल्याच तीन स्क्रूंचे रबरी वॉशर जास्त आवळल्याने फाटले होते. ते बदलले, पाणी मारून तपासले, आणि मग तीन ओळींचे उत्तर लिहिले : चूक आमची होती, दुरुस्त केली आहे, आपणांस झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. ग्राहकाने तारे वाढवले नाहीत. पुतण्याने तशी विनंतीही केली नाही. दशलक्षण पर्वाच्या शेवटी आपण क्षमावाणीचा दिवस पाळतो आणि ज्यांच्याशी फारसे काही बिघडलेले नसते, त्यांची क्षमा मागतो. ज्याचे खरोखर बिघडवले आहे, त्याची चारचौघांत क्षमा मागणे फार कठीण. ते त्या तीन ओळींत घडले.

आता हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सत्याने वागले की लगेच वर जाता येते, असे मी लिहिणार नाही. सांगली शहरातून शोध घेतला तर आजही आमच्यावर एक नोंद दिसते, जिच्या पत्त्यावर बंद शटर आहे. ‘बदल सुचवा’ या सोयीतून आम्ही दोन खोट्या नोंदी कळवल्या. एक निघाली, एक अजून आहे. गेल्या दिवाळीनंतर एका गोदामाचे मोठे काम अशाच नोंदीमुळे हातचे गेले. गेलेल्या दोन कारागिरांपैकी एकच परत आला. मात्र जयसिंगपूर, शिरोळ आणि इचलकरंजी या पट्ट्यात यंदा एप्रिलपासून फोन पूर्ववत येत आहेत, आणि येणारा ग्राहक पान वाचून, छायाचित्रे पाहून, अर्धे ठरवूनच येतो. भाव पाडण्याची घासाघीस कमी झाली आहे.

वाचकांसाठी दोन सावधगिरीच्या सूचना. आपल्या व्यवसायाची नोंद नेहमी आपल्या स्वतःच्या ईमेल खात्यावर असू द्या. मदतनीसाला व्यवस्थापक म्हणून जोडता येते आणि काढताही येते. मालकी त्याच्या खात्यावर गेली, तर आपलेच नाव परत मिळवण्यासाठी त्याच्या मागे फिरावे लागते. आणि ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर नोंद बंद होईल’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. ही नोंद विनामूल्य आहे. पडताळणीचा संकेतांक कोणालाही सांगू नका. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी महिन्यातून दोन तास दिले, तरी हे सर्व काम घरातच होते.

परवा पुतण्याला पुन्हा तसाच एक फोन आला. शंभर अभिप्राय, आठ दिवसांत, हमीसह. तो म्हणाला, “आमच्याकडे अकराचे चौतीस झालेत. तेवढे पुरेत.” बंधू शेजारीच पत्र्याची जाडी मोजत बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त हसले. तीस वर्षे तोंडातोंडी चालत आलेली त्यांची पत आता मुलाच्या हाती लेखी रूपात जमा होत आहे, आणि तिची एकेक ओळ खऱ्या माणसाने लिहिलेली आहे.

आठ-पंधरा दिवसांत पाऊस येईल. कोणते छप्पर कसे बसवले आहे, ते तो तपासेलच.

जय जिनेंद्र.